छेद क-क

खाली जायला आधी तीन पायऱ्या चढायच्या.
हे मी सगळ्यात पहिल्यांदा काढलं.
पूरपातळीचा आकडा तक्त्यात आहे, दोन दशांश स्थळांपर्यंत,
पण भांडी बाजारात विचारा,
मारुतीच्या गळ्याला लागलं, एवढंच सांगतील,
एकदा तर डोक्यावरून गेलं.
म्हणून दाराचा उंबरा दुतोंड्याच्याही वर, पुरुषभर.

मग खाली.
तिकिटांचा मजला आठ मीटरवर. तिथवर सोपं आहे:
भराव, खापऱ्या, काळी माती, मुरूम,
तांबट आळीच्या बाजूला मातीत हिरवट कीस.

बोअर क्रमांक सात.
पत्र्याच्या पेटीत कोअर ओळीने निजवलेले, खडूने खुणा.
मशीनवर सुरगाण्याचा हिरामण गवित.
त्याने बावीस मीटरवरचा तुकडा उचलला,
थुंकी लावून चोळला. बोट लाल झालं.
"बाई, हा दगड नाही. ही भुई आहे."

माझ्या आराखड्यात फलाट बावीसवरच होता.

दोन लाव्हांच्या मधली माती, दीड मीटर जाड.
कधीतरी ती उघडी होती. तिच्यावर ऊन पडलं असेल,
काही उगवलंही असेल,
मग वरून सगळं तापलेलं आलं आणि ती भाजून निघाली.
आता तिच्यातून पाणी झिरपतं. भार घेत नाही.
फलाट तिच्याखाली गेला, एकतिसावर, अखंड काळ्यात.
नऊ मीटर. गणिताने घेतले, मी दिले नाहीत.

एकतीस मीटर म्हणजे किती, ते कागदावर कळत नाही.
रविवारी पांडवलेणीला गेले, घड्याळ लावून.
मला जिथे दम लागला तिथेच हौसाबाई पेरू घेऊन बसते.
माणूस कुठे थांबतो
हे तिला माझ्या पुस्तकांपेक्षा नेमकं ठाऊक.
तिच्या टोपलीच्या जागी मी सरकत्या जिन्याचं वळण काढलं.
वर लेण्यात दगडातच कोरलेले बाक.
टेप लावला. गुडघ्याहून थोडे खाली.
फलाटावरचे बाक तेवढेच.

हवेला मात्र वर कुठेतरी निघायलाच हवं.
नळी सरळ नेली तर त्र्यंबक तांबटांच्या न्हाणीत उगवते.
सव्वा मीटर डावीकडे सरकवली,
आणि त्यांच्या भिंतीला तडामापक लावला.
"हे कशाला?"
"भिंत हलते का बघायला."
"पाच पिढ्या ठोकतोय. हलते की."
काटा खरंच प्रत्येक घावाला थरथरतो.
आमच्या नोंदवहीत: सकाळी नऊ ते एक,
नियमित कंपन, स्रोत हंडा.

दुसऱ्या जिन्याच्या मध्यावर, उजव्या भिंतीत,
मी एक चौकोन रिकामा सोडला होता.
मागे तो लाल थर, पुढे काच.
उतरताना लोक त्या जुन्या उन्हाजवळून जातील,
असं काहीतरी डोक्यात होतं.
घारपुरे साहेबांनी काट मारली. शेरा: प्रयोजन काय?
मी दोन दिवस पेन घेऊन बसले.
प्रयोजन लिहिता आलं नाही.

पण पाणी झिरपणारच.
त्याला पन्हळ हवी, पन्हळीत गाळ धरणार,
गाळ काढायला हात आत जायला हवा.
सुधारित नकाशा, आवृत्ती सहा:
तपासणी दार, साठ बाय नव्वद,
न गंजणारं, किल्ली स्टेशन मास्तरांकडे.
मंजूर. सही. शिक्का थोडा तिरका.

दर सहा महिन्यांनी कुणीतरी बॅटरी तोंडात धरून ते उघडेल,
वाकून गाळ ओढेल,
बोटं लाल झालेली बघेल,
आणि विजारीला पुसेल.